चमत्कार माझ्याच कॉम्प्युटरने केला

त्या गुरुवारी उंबरपाड्याच्या शाळेमागच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाजाराला निघालेल्या जीपगाड्या अर्ध्या वाटेतून इकडे वळत होत्या. बाया पोरं काखेत मारून, म्हातारे काठ्या टेकत, कॉलेजची पोरं मोबाईल वर धरून, सगळे एका पाटाकडे बघत होते. पाटावर मोतीलाल महाराज बसले होते. एका हातात मोरपिसांचा कुंचा आणि दुसऱ्या हातात एक कागद.

"देखा रे बठ्ठा," महाराजांनी कागद डोक्यावर धरला. "हाऊ कागद मी छापेल नही शे. धुळाना लॅबना शे. ये पोरना रगतमा सिकलसेल व्हता. मी हात ठेवा, अंगारा दिधा. आते काय लिखेल शे? नॉर्मल."

गर्दीतून एक मोठा हुंकार उठला. महाराजांच्या शेजारी हेमांगी उभी होती, नववीतली पोरगी, सगळ्यांच्या नजरांनी लाजून अर्धी झालेली. तिची आई मोगराबाई महाराजांच्या पायांवर डोकं टेकून रडत होती, आणि ते रडणं आनंदाचं होतं.

मी मागे मंडपाच्या बांबूला धरून उभा होतो. माझा चेहरा त्या वेळी फारसा बुद्धिमान दिसत नसावा. कारण तो कागद मीच छापला होता, आमच्या कॉलेजच्या प्रिंटरवर.

मी ज्ञानेश्वर बोरसे. मूळचा जळगावच्या पिंप्राळ्याचा, आता साक्रीत भौतिकशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात बुवा-महाराजांच्या मागे लागतो. लिंबातून रक्त काढणं, नारळ आपोआप पेटवणं, जिभेवर कापूर जाळणं, हे सगळं मी गावोगाव करून दाखवतो आणि मग त्यामागची युक्ती सांगतो. माझी बायको दिपमाला म्हणते, खऱ्या बुवांपेक्षा तुमचाच हात जास्त बसलाय.

सिकलसेल हा आमच्या डोंगरपट्ट्यातला जुना त्रास. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि अंग असं ठणकतं की मोठा माणूस गडाबडा लोळतो. आईबापाकडून येतो, जन्मभर सोबत राहतो. रोज गोळ्या घेतल्या तर पोरं शिकतात, खेळतात, मोठी होतात. नाही घेतल्या तर काय होतं ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाने उंबरपाड्यात रक्ततपासणीचं शिबिर घेतलं. हेमांगीचा आजार लहानपणीच कळला होता, पण अख्ख्या पाड्याची नोंद करायची म्हणून तीही रांगेत बसली. सुई बघून ती मागे सरली आणि म्हणाली, "सर, आधी तुम्ही." मी ऐटीत बाही वर केली. माझ्या रक्ताची नळी दहावी, तिची अकरावी.

आता माझ्या ऐटीचा दुसरा भाग ऐका. रिपोर्ट लॅबच्या वेबसाईटवरून डाउनलोड करायचे होते. शिबिराचे नमुने म्हणून कागदावर नाव नाही, नुसता नळीचा नंबर. फाईलींची नावं तर अशी, की वाचताना जीभ अडकावी: नळीचा नंबर आणि त्यापुढे आकड्या-अक्षरांचं हातभर शेपूट. त्या एकेक उघडून त्यांना माणसांची नावं द्यायची म्हणजे दिवाळीची सुट्टी बुडाली असती. मी एक तक्ता केला. डाव्या रकान्यात नळीचा नंबर, उजव्या रकान्यात माणसाचं नाव आणि घराण्याचं नाव. मग एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो फाईलीतला नंबर वाचायचा, तक्त्यात तो नंबर शोधायचा, समोरचं नाव उचलायचा, फाईलीला द्यायचा आणि ती त्या घराण्याच्या फोल्डरमध्ये टाकून मोकळा व्हायचा. बटण दाबलं की डाउनलोडचा उकिरडा क्षणात साफ.

स्टाफरूममध्ये मी हे सगळ्यांना दाखवलं. शिपायाला दाखवलं. गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही दाखवलं. तो म्हणाला, "भारी आहे सर, जादूच." मी म्हणालो, "जादू नाही, विज्ञान." पण जादू म्हटल्याचं मला मनातून बरंच वाटलं होतं.

मंडपात मी पुढे घुसलो. मोतीलाल महाराज पूर्वी मोबाईल रिचार्जचं दुकान चालवायचे. दुकान बसलं आणि महाराज उभे राहिले. पण भाषा जुनीच राहिली. "तुन्ही नाडीले रेंज नही शे," असं ते एका म्हाताऱ्याला सांगत होते. "वरना सर्व्हर डाऊन शे, अमावस नंतर ये."

मी त्यांच्या पुढ्यातला अंगारा चिमटीत घेतला, हुंगला, लोकांना दाखवला. "ही शेणाची राख आहे," मी ओरडलो. तांब्यातलं पाणी प्यायलो. "आणि हे नुसतं पाणी आहे. यात औषध नाही, काही नाही. याने रक्त बदलत नसतं."

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढे बसलेल्या धनाने हात वर केला. हा माझा माजी विद्यार्थी, ट्रॅक्टर चालवतो.

"सर, राख राखच शे, मान्य. पन कागद तुमनाच शे ना?"

"हो, माझाच."

"तुमना कॉम्प्युटरमधला?"

"हो."

"मंग तो चुकेल शे का?"

आता इथे शहाणा माणूस थांबला असता. मी छाती काढून म्हणालो, "माझा कॉम्प्युटर चुकत नाही."

"बस मंग," धना म्हणाला आणि त्याने महाराजांना हात जोडले. मागून टाळ्या पडल्या. चमत्काराला भौतिकशास्त्राच्या अध्यापकाची सही-शिक्का मिळाला होता. महाराजांनी माझ्याकडे असं प्रेमाने पाहिलं, की मला शाल देतात की काय असं वाटलं.

मोगराबाई उठली, डोळे पुसून माझ्यापाशी आली. "सर, तुमना लई उपकार. गोळ्या बंद करी टाक्यात मी. बरी व्हयनी पोर, आते कसाले देऊ?"

मी तिला समजावलं, विनवलं, थोडं रागावलोही. ती हसून ऐकत राहिली. वर्षानुवर्षं रात्री पोरीचे पाय चेपत बसलेल्या बाईच्या हातात 'नॉर्मल' लिहिलेला कागद होता, आणि तो खोटा आहे असं म्हणायला मी तयार नव्हतो. मग ती माझं का ऐकेल?

त्यानंतर मी तपास सुरू केला. कोणाचा? अर्थात महाराजांचा. त्यांनी लॅबमधला माणूस फोडला असेल, नळी बदलली असेल, नर्सला पढवलं असेल. मी त्यांच्या जुन्या दुकानापर्यंत जाऊन आलो. हेरगिरीसाठी उपरणं गुंडाळून दरबारात बसलो, तर महाराज लांबूनच म्हणाले, "या सर, चहा लेवा." एवढे सगळे लोक आणि एवढ्या सगळ्या वस्तू मी तपासल्या. एकच गोष्ट तपासायचं मनात आलं नाही.

दिवस गेले आणि धुळ्याहून डॉक्टर हेमलताबाईंचा फोन आला. आमच्या शिबिराच्या डॉक्टर त्याच. हेमांगीला त्यांच्याकडे आणलं होतं. पाय, पाठ, छाती, सगळं ठणकत होतं.

मी पोचलो तेव्हा पोरगी सलाईन लावून पडली होती. डोळे मिटलेले, ओठ दाताखाली. तिची आत्या भिकुबाई उशाशी बसून होती. मला बघून हेमांगीने डोळे उघडले आणि हळूच विचारलं, "सर, मी नॉर्मल शे ना? मंग इतलं कसाले दुखस?"

वर्गात मी कोणत्याही प्रश्नाला काहीतरी ठोकून देतो. तिच्या खाटेपाशी मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी मला बाहेर नेलं. "वेदना आटोक्यात येतील. पण मोगराबाई म्हणतात, महाराजांच्या परवानगीशिवाय गोळ्या सुरू करणार नाही. त्यांच्याकडेच गेल्यात त्या. घरी जाऊन पोरीने पुन्हा गोळ्या टाळल्या तर पुढच्या वेळी मी काही सांगू शकत नाही."

"पुन्हा तपासणी करू. खरा रिपोर्ट तोंडावर मारू महाराजांच्या."

"नमुना घेतलाय मी. पण नवा कागद वाईट आला तर महाराज म्हणतील, श्रद्धा कमी पडली म्हणून रोग परत आला. पहिला कागद चुकला कसा, ते कळायला हवं."

"कागद चुकणं शक्य नाही, डॉक्टर. प्रोग्राम मी स्वतः लिहिलाय."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "बोरसे सर, महाराजांचे भक्त हेच वाक्य म्हणतात. फक्त कर्ता बदलतो. हा आजार जन्मतः ठरतो, राखेने जात नाही आणि टाळ्यांनीही जात नाही. म्हणजे लहानपणीचा आणि शिबिराचा, या दोन रिपोर्टांपैकी एक दुसऱ्या कोणाचा आहे. बरं, तुम्हीही रक्त दिलं होतं. तुमचा रिपोर्ट काय आला?"

"नॉर्मलच असणार."

"असणार? पाहिला नाही?"

नव्हता पाहिला. नॉर्मल माणसाने नॉर्मल रिपोर्ट कशाला उघडायचा? मी लॅपटॉप काढला, माझ्या नावाची फाईल उघडली आणि वाचली. सिकलसेल आजार. स्पष्ट, ठळक.

आता खरं सांगतो. पुढची काही मिनिटं मी पूर्ण आजारी होतो. माझा उजवा गुडघा दुखायला लागला. मग डावा. छातीत कळ आली. मागच्या महिन्यात जिना चढताना दम लागला होता तो आठवला. दिपमालाला कसं सांगायचं याची मी वाक्यं जुळवू लागलो. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की अंगात येणं हे मनाचे खेळ असतात, आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या अंगात एक अख्खा रोग आला होता.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. "हा आजार असता तर पन्नाशीपर्यंत तुम्हाला माहीत नसता का? लिंबू-नारळ घेऊन डोंगर चढला असता का? हा रिपोर्ट तुमचा नाही. तुमच्या मागे रांगेत कोण होतं?"

"हेमांगी," मी म्हणालो आणि गुडघे दुखायचे थांबले.

तिचा कागद माझ्याकडे होता. मग तिच्या मागच्याचा तिच्याकडे असणार. मी तक्ता उघडला आणि सगळ्यात वर नाव होतं रुपचंद आबांचं. आबा पहिले? आबा तर शिबिराला उशिरा आले होते, अठरावे.

मग सगळं आठवलं. रुपचंद आबा म्हणजे पाड्याचे कारभारी. लग्न असो, पंचायत असो, नाव पुकारायचं ते कारभाऱ्यापासून, अशी इथली रीत. रिपोर्ट यायच्या आधी मी याच तक्त्यातली यादी छापून शाळेच्या भिंतीवर लावली होती. आबा आले, यादीवर बोट फिरवत खाली खाली गेले आणि म्हणाले, "मी पाडाना कारभारी. मनं नाव पोऱ्यासना खाले?" आणि निघाले. ते रुसले तर पाडा रिपोर्ट घ्यायला आला नसता. मी तिथेच लॅपटॉपवर तक्ता उघडून आबांचं नाव खालून उचललं आणि वर खोचलं. त्यांच्या वरची सतरा नावं एकेक घर खाली सरकली, खालची होती तिथेच राहिली. आबा खूश, मी खूश. फक्त नावाच्या रकान्यातच हे झालं. नंबरांचा रकाना होता तिथेच उभा राहिला, त्याला आबांच्या मानाशी काही देणंघेणं नव्हतं. पुढे प्रोग्रामने काय केलं? नंबर शोधला, समोरचं नाव उचललं. त्याने कोणतीच चूक केली नाही. मी चुकीचं पुढ्यात ठेवलं, त्याने चुकीचं चोख वाढलं.

मी तडक उंबरपाड्याला गेलो. दरबार भरला होता. मोगराबाई महाराजांसमोर पदर पसरून बसली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, "हेमांगीचा कागद चुकला होता. तिचा खरा कागद माझ्या नावावर आलाय. हा बघा, माझ्या नावावर सिकलसेल."

मला वाटलं होतं लोक म्हणतील, अरेच्चा. लोक मागे सरकले. एका बाईने पोराला ओढून माझ्यापासून लांब केलं.

महाराजांना माझ्याइतका उपयोगी विरोधक जन्मात मिळाला नसेल. ते पाटावर उभेच राहिले. "मी काय सांगस? रोग मरत नही, रोग घर बदलस. पोरना आंगमाथीन निंघना, कथा गया? सरना आंगमा. जो हसस, तेना घर जास."

अख्खा मंडप माझ्याकडे करुणेने बघू लागला. धना तर म्हणाला, "सर, आते तरी अंगारा ल्या."

बोलून काही होणार नव्हतं. मी शाळेतून मैदान आखायची फक्की आणली आणि जमिनीवर एक ते अठरा आकडे ओळीने काढले. "शिबिरातल्या पहिल्या अठरा जणांनी ज्या क्रमाने रक्त दिलं, त्या क्रमाने उभे राहा." लोकांना क्रम चांगलाच लक्षात होता. "बादल, तू मना पुढे व्हता." "पुना, तू हेमांगीना मांगे." मी दहावर उभा राहिलो. अकरा रिकामा होता.

"पोरना जागे मी उभी राहस," म्हणत मोगराबाई अकरावर आली. तिच्या मागे बारावर पुना, लाकूड फोडणारा धडधाकट गडी. शेवटी अठरावर रुपचंद आबा.

"पायाखालचा आकडा म्हणजे तुमची नळी. तुमचं रक्त. आकडा हलत नाही. आता आबा, तुम्ही मानाने पहिल्या जागेवर या."

आबा जागचे हलले नाहीत. सगळ्या पाड्यासमोर हे कशासाठी चाललंय ते त्यांना कळलं होतं. मग त्यांनी पागोटं सारखं केलं. "सरनी चूक शे, खरं शे. पन नाव वर ल्यावाले मीच सांगं व्हतं," ते म्हणाले आणि सावकाश चालत पहिल्या आकड्यावर जाऊन उभे राहिले.

त्यांच्यासाठी पहिला माणूस एक घर मागे सरला. मग दुसरा, मग तिसरा. ओळ सरकत सरकत आली. मी दहावरून अकरावर गेलो. मोगराबाई बारावर गेली.

"आता खाली बघा. कोण कोणाच्या रक्तावर उभं आहे?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी हेमांगीच्या आकड्यावर उभा होतो. मोगराबाई कितीतरी वेळ पायाखालच्या बाराकडे बघत राहिली. मग तिने मागे वळून पुनाकडे पाहिलं.

"हाऊ कागद पुनाना शे," ती म्हणाली. "म्हंजे मनी पोर बरी नही व्हयनी."

ती तिथेच आकड्यावर खाली बसली. मंडपातला आनंद मी तिच्याकडून काढून घेतला होता, आणि तो दिलाही मीच होता. महाराजांनी हातचलाखी केलीच नव्हती. त्यांनी फक्त माझ्या चुकीवर स्वतःचं नाव टाकलं होतं. ते आता म्हणाले, "पन श्रद्धा..." आणि त्यांनी कुंचा उचलला. धनाने विचारलं, "महाराज, पोरना रोग सरना घर गया, सरना कागद तेना पुढलाकडे गया, मंग बठ्ठासना कागद कसाले सरकनात?" रिचार्जच्या दुकानात असा प्रश्न कधी आला नसावा. महाराज कुंचा काखेत मारून मोटारसायकलकडे निघाले.

मोगराबाई त्याच संध्याकाळी धुळ्याला गेली आणि तिने पोरीला स्वतःच्या हाताने गोळी दिली. मी अठराही घरी जाऊन कागद बदलून दिले. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी बोलणी. दोन्ही माझ्या वाट्याची होती.

हेमांगी घरी आल्यावर, डॉक्टरांनी दवाखान्यात घेतलेल्या नव्या नमुन्याचा रिपोर्ट मी डाउनलोड केला, तक्ता नीट करून नाव लावलं आणि घेऊन गेलो. मोगराबाईने कागद हातात घेतला नाही.

"राग धरू नका सर. मशीनमा उघडा. नंबर देखू द्या."

क्षणभर मला राग आलाच. मी, बोरसे सर, आणि ही मला तपासणार? मग मी लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि उघडला. नळीवरचा नंबर हेमांगीने दवाखान्यातच पाठ करून ठेवला होता. तिने एकेक आकडा बोट ठेवून वाचला, आईने तिच्याकडे पाहिलं, तिने मान हलवली. मग तिने खालची ओळ वाचली. सिकलसेल आजार. बोट न उचलता तिने ती शेवटपर्यंत वाचली.

"मनाच शे," ती म्हणाली आणि गोळी घ्यायला उठली.

महाराजांना प्रश्न विचारा, असं मी आजवर गावोगाव सांगत आलो. आता एवढंच जोडतो. कॉम्प्युटरलाही विचारा, डॉक्टरलाही विचारा, आणि कोणी छाती काढून "हे चुकत नाही" म्हणाला तर त्याला सगळ्यात आधी विचारा. त्याला राग येईल. येऊ द्या. मोगराबाईने मला येऊ दिला, म्हणून तिच्या पोरीच्या हातात आज तिचा स्वतःचा कागद आहे.